बुरशीबाईचा उजवा डोळा

मला बुरशीची किळस येते. पावावर आलेली बुरशी एक वेळ परवडली. पाव फेकला, हात धुतले, विषय संपला. पण बंद लेन्सच्या आत, दोन काचांच्या मधे, जिथे कुणाचं बोट कधी पोचलेलं नाही तिथे पांढऱ्या केसांसारख्या मुळ्या पसरलेल्या दिसल्या की कितीही हात धुतले तरी विषय संपत नाही. आणि गेली अकरा वर्षं माझं घर याच बुरशीवर चालतंय. माझी आत्या जुन्या लेन्स उघडून साफ करते, मी त्या विकतो. धंद्यातले लोक तिला बुरशीबाई म्हणतात. मागून नाही, तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नाही. मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. वय सदुसष्ट, अंगाने काटकुळी, आवाज मात्र खालच्या मजल्यापर्यंत जाणारा. खालच्या मजल्यावर लाँड्री आहे. दिवसभर तिथली वाफ आमच्या जिन्यात चढते आणि भिंतींना ओल येते. "खालून वाफ, वर बुरशी. गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको," असं आत्या म्हणते. लाँड्रीवाला जाड चष्म्यातून वर बघून हसतो. या माणसाला खोटं बोलता येत नाही. शर्ट जळाला तर जळाला म्हणून सांगतो आणि वर शिव्या खातो. मी त्याला मूर्ख समजत आलो.

पुढच्या खोल्यांत मी आणि माझी बायको, मागच्या खोलीत आत्या. तिच्या टेबलावर पांढरं फडकं, रबरी फुगा, कापसाचे बोळे, दोन टोकांचा पाना आणि अमोनियाची बाटली. त्या अमोनियाचा वास आमच्या उशांना लागलाय. लेन्स आली की आत्या आधी ती डोळ्यांनी बघत नाही. चामड्याच्या डबीचं झाकण उघडते, डबी नाकाला लावते आणि असा खोल श्वास घेते की समोरच्याने तोंड फिरवावं. "दोन ठिकाणी आहे. पुढच्या काचेत कमी, मागे जास्त." मग टॉर्च मारून बघितलं की नेमकं तसंच निघतं. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि शेकडो वेळा मला शिसारी आलीय. कुठल्या तरी मेलेल्या माणसाच्या कपाटातली पन्नास वर्षांची कुबट हवा ही बाई छातीत भरून घेते!

एका शब्दाचा मात्र तिला तिटकारा आहे. गिऱ्हाईक जिना चढून येतं, हाशहुश करत डबी पुढे ठेवतं आणि म्हणतं, "अगदी जपून ठेवली होती हो."

आत्या म्हणते, "म्हणूनच."

एवढंच. पुढे समजावून सांगण्याच्या भानगडीत ती पडत नाही. ते काम माझं. की बाबा रे, लेन्सला उजेड लागतो, वारा लागतो, हाताळलेली लेन्स टिकते. कपाटात मऊ कापडात गुंडाळून ठेवलीस म्हणून तर ती आतून खाल्ली गेली. गिऱ्हाईक निघालं की आत्या रिकामी डबी परत करते, झाकण उघडं ठेवून.

तिच्या लग्नाचीही तिने हीच वाट लावली. अकरा महिने संसार केला आणि एक दिवस ट्रंक घेऊन परत आली. आमच्या आजोबांनी कारण विचारलं तर म्हणाली, "वरून स्वच्छ होता. आतून बुरशी." त्यानंतर तिला कुणी काही विचारलं नाही. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं काढली. तिथेच एकदा काचेचा कण डाव्या डोळ्यात गेला. तेव्हापासून डावा डोळा चालण्याफिरण्यापुरता. बारीक काम सगळं उजव्यावर. "एक पुरतो. कॅमेऱ्याला तरी कुठे दोन असतात?" म्हणायची.

आता आमच्या गिऱ्हाइकांविषयी. यांचीही मला किळस येते, आणि ती लपवायचं मला काही कारण दिसत नाही. ही माणसं बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे डिजिटल कॅमेरे हुडकून काढतात, त्यांना अडॅप्टरने पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स जोडतात आणि मग त्यातून स्वतःच्या कॉफीच्या कपाचा फोटो काढतात. फोटो कडेला काळवंडलेला, मधे बरा, मागे सगळं गरगरलेलं. त्याला म्हणायचं 'कॅरॅक्टर'. नव्या लेन्सच्या कडा अशा काळ्या पडल्या असत्या तर यांनी दुकानदाराची कॉलर धरली असती. जुनी आहे म्हणून माना डोलावतात. एकाने मला विचारलं होतं, थोडी बुरशी ठेवूनच मिळेल का, फोटो स्वप्नाळू येतात. मी त्याच्या हातून चहाचा कप काढून घेतला. आणि तरी त्यांच्यासाठी जाहिरात मीच लिहितो. 'बुरशीबाईंच्या हातची' असं खाली टाकलं की लेन्स दोन दिवसांत जाते.

आत्याचा स्वतःचा डिजिटल कॅमेराही तसाच बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा. त्याचं रबर वितळून चिकट झालं होतं. हातात धरला की गुळाच्या ढेपेला हात लावल्यासारखं वाटायचं. तिने ते सोलून काढलं आणि सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली. बॅटरी दम टाकायची, म्हणून फोटो काढण्याआधी ती बॅटरी काखेत धरून गरम करायची. हो, काखेत. आणि मग ती माझ्या हातात द्यायची. पुढे लावलेली लेन्स हाताने फिरवायची, छिद्र किती उघडलंय तो आकडा-बिकडा कॅमेऱ्याला न कळवणारी, त्यामुळे पडद्यावर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. "याला माहीतच नाही समोर कोण बसलंय ते," आत्या खुशीत सांगायची. "बरंय. अक्कल शिकवत नाही."

एक लेन्स साफ झाली की तिचा एकच फोटो काढायचा, आणि तो एकाच गोष्टीचा. समोरच्या इमारतीत एक दंतवैद्य आहे. त्याची पाटी आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून बरोबर समोर येते. वर त्याचं नाव, खाली पदव्या, त्याखाली वेळ आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'रविवारी बंद'. आत्या उजवा डोळा कॅमेऱ्याला लावून लेन्सचं कडं फिरवायची, श्वास रोखायची, फोटो काढायची आणि कार्ड माझ्याकडे फेकायची. माझ्या लॅपटॉपला ती 'पेटारा' म्हणते आणि त्यात डोकावणं तिला कमीपणाचं वाटतं. मी तो फोटो मोठा करून बघायचा. 'बंद'वरचं टिंब सुटं, गोल दिसलं तर लेन्स पास. टिंब विरघळून नुसतं 'बद' राहिलं तर लेन्स पुन्हा टेबलावर.

"टिंब आलं का रे?" ती मागच्या खोलीतून ओरडायची.

"आलं," मी पुढच्या खोलीतून ओरडायचो.

एवढ्या दोन ओळींवर आमचा धंदा उभा होता. साधी माणसं, साधा धंदा. मग एक दिवस टिंब आलं नाही.

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी स्वतःला शहाणा समजलो. फोटो मोठा केला तर 'रविवारी बद'. मी ती लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्यावर चढवली. त्यात पडद्यावर मोठं करून फोकस करता येतं. टिंब लख्ख. म्हणजे काच स्वच्छ होती. हात चुकला नव्हता. चुकला होता तो डोळा. तेवढ्यात मागून हाक आली, "टिंब आलं का रे?"

ट्रेमधे चौदा लेन्स वाट बघत होत्या. चौदाच्या चौदा माणसं मला रोज फोन करत होती. मी म्हणालो, "आलं."

खोटं तरी कसं म्हणायचं? लेन्स चांगलीच होती. तिला सांगून काय झालं असतं? तिने तिथल्या तिथे पाना खाली ठेवला असता. म्हातारीचा जीव त्या टेबलात. तिला कशाला धक्का द्यायचा? अशी सगळी समजूत मी स्वतःची घातली, आणि ती इतकी छान बसली की पुढची दोन वर्षं मला त्या समजुतीकडे वळून बघावंही लागलं नाही. आत्या फोटो काढायची, टिंब यायचं नाही, मी "आलं" म्हणायचो आणि मग माझ्या कॅमेऱ्याने पुन्हा फोटो काढून जाहिरातीत टाकायचो. तिला दिवा मंद वाटायला लागला. "हल्ली बल्ब पूर्वीसारखे येत नाहीत," म्हणाली. मी जास्त उजेडाचा बल्ब आणून दिला. एकदा नाही, तीनदा. चहा ओतताना कप भरून बशीत सांडायला लागला तेव्हा मी मोठे कप आणले. डोळेझाक हा शब्द किती शब्दशः करता येतो हे माझ्याकडून शिकावं.

मग स्टुडिओवाल्या काकू आल्या.

या काकूंच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. तो गेला, स्टुडिओ बंद झाला, त्याची एक लेन्स यांनी कपाटात ठेवली होती. तीस वर्षं त्याने त्याच एका लेन्सने माणसांचे चेहरे टिपले. तिच्या कड्यावर तपकिरी नेलपॉलिशचा एक ठिपका होता. समोरचं स्टूल जिथे ठेवलेलं असे त्या अंतराची ती खूण. अंधारात नुसतं बोट लावून सापडावी म्हणून काकूंनीच तो ठिपका लावला होता. आता नातीला त्याच अंतरावर बसवून तिचा फोटो काढायचा होता. मुलाने जुना कॅमेराही आणून दिला होता.

"अगदी जपून ठेवली होती हो मी," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच," आत्या म्हणाली आणि डबी नाकाला लावली.

बुरशी थोडीच होती. आत्याने एका दुपारीत काढली. मग लेन्स उजेडाकडे धरली तर आत धुकं. तिने पुन्हा उघडली, पुन्हा पुसली, पुन्हा धरली. धुकं होतंच. फोटो काढला. मी म्हणालो, "आलं टिंब." तिचा विश्वास बसला नाही. "तुझे डोळे तरणे आहेत, तुला धूसरसुद्धा चालतं. हिच्यात अजून आहे." तिसऱ्यांदा उघडली. आयुष्यभर दुसऱ्याच्या काचेतलं धुकं शोधलेल्या बाईला ते स्वतःच्या डोळ्यात असेल असं सुचणार कसं? मला सुचलं होतं. मी कुरियरच्या दुकानात पार्सलं द्यायला निघून गेलो.

परत आलो तर टेबलावर कारखान्याच्या वेळची घासायची पूड. गेल्या अकरा वर्षांत तिने त्या डबीला हात लावला नव्हता. चष्म्याच्या नागड्या काचेला ती पूड चालते. लेन्सवर लेप असतो, जांभळी झाक मारणारा, नखापेक्षा हजारो पटींनी पातळ. "आता बघ," आत्या अभिमानाने म्हणाली. मी बघितलं. जांभळं काही उरलंच नव्हतं. समोरची काच बाटलीच्या बुडासारखी पांढरी झाली होती.

"कशी झालीय?"

"छान," मी म्हणालो.

यानंतर मी जे केलं ते लिहितानाही मला माझ्या हातांची घाण वाटते. तशाच दोन लेन्स, साफ करायची गरजच न पडलेल्या, माझ्या कपाटात विक्रीसाठी पडून होत्या. त्यातली चांगली मी काढली, बायकोच्या ड्रॉवरमधून नेलपॉलिशची बाटली घेतली आणि कड्यावर त्याच जागी ठिपका लावला. फुंकर मारून वाळवला. काकूंची लेन्स कपाटाच्या तळाशी लपवली. काकू आल्या, डोळे भरून आले त्यांचे, माझे हात हातात घेतले आणि लेन्स घेऊन गेल्या.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या. जिन्यात त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ मागच्या खोलीत गेल्या.

"ही माझ्या घरची लेन्स नाही."

"असं कसं होईल?" आत्या म्हणाली.

"माझं नेलपॉलिश तपकिरी होतं. हे गुलाबी आहे. आणि बोटाला अजून चिकट लागतंय."

आत्याने लेन्स घेतली. ठिपका बघितला नाही. लेन्स नाकाशी नेली, श्वास घेतला आणि खाली ठेवली. "ही माझ्या टेबलावर आलेलीच नाही. हिला माझा वास नाही." मग माझ्याकडे मान वळवली. "यांची कुठाय?"

मूग गिळून उभं राहायचीही सोय नव्हती. मी कपाटातून काकूंची लेन्स काढून आणली. आत्याने ती खिडकीत धरली, फिरवली, तिरकी केली.

"चांगली तर आहे. का बदललीस?"

बोलल्या त्या काकू. "अहो, हिची जांभळी झाक कुठे गेली? पांढरीफटक पडलीय."

"जांभळी?" आत्या म्हणाली.

तिने दोन्ही लेन्स शेजारी शेजारी ठेवल्या, काकूंची आणि माझी. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून उजव्याने बघितलं. मग उजव्यावर हात ठेवून अधू डाव्याने बघितलं. पुन्हा उलट. पुन्हा सुलट. लेन्स तपासतात तशी ती स्वतःला तपासत होती, घाई न करता.

"डाव्याने एकच जांभळी दिसते," ती म्हणाली. "उजव्याने दोन्ही सारख्याच मातकट." हात खाली घेतला. "धुकं हिच्यात नव्हतं. माझ्यात आहे. माझ्या चुकीने तुमची लेन्स गेली, काकू."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी थेंब घातले, तासभर थांबवलं, यंत्रांपुढे बसवलं. मग विचारलं, "आजी, धूसर कधीपासून दिसतंय?"

"आता आताच," आत्या ठामपणे म्हणाली. "परवापर्यंत टिंब येत होतं. याला विचारा. हाच बघतो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत राहिलो. सगळ्यात खालची ओळसुद्धा मला नीट दिसत होती.

"हा मोतीबिंदू परवाचा नाही," त्या म्हणाल्या. "पिकायला दोनेक वर्षं तरी गेलीत. तो काढता येईल, त्याची काळजी नाही. पण त्याच्या आडून दोन्ही डोळ्यांतला दाबही वाढत गेलाय. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. मागची नस कडेकडेने सुकते. मोतीबिंदूसाठी वेळेवर आला असतात तर तोही तेव्हाच सापडला असता, आणि थेंबांवर थांबला असता."

"आणि आता?"

"आता जे उरलंय ते राखायचं. गेलेलं परत येत नाही."

आत्याने पुढचं सगळं धंद्यातल्यासारखंच विचारून घेतलं. आत काय बसवणार? लेन्स. काचेची? नाही, प्लास्टिकसारखी. लेप आहे का? फोकस कसा फिरतो? फिरत नाही, एका अंतराला पक्का असतो. "म्हणजे फुकट मिळणाऱ्या डबड्या कॅमेऱ्यासारखा," आत्या म्हणाली आणि नाक मुरडलं. डॉक्टरीणबाई खूप हसल्या. मीही हसलो. आत्या हसली नाही.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या दिवशी घरी येऊन आत्या दारातच थबकली. "अगं बाई, केवढी घाण ही!" भिंतीवरचे ओलीचे डाग, पंख्याच्या पात्यांवरची काजळी, माझ्या कॉलरवरची मळकी रेघ, सगळं तिला एकदम दिसलं. "दोन वर्षं अशा घरात राहत होते मी? आणि कुणी बोललं नाही?" मग खुर्चीकडे वळली आणि दाराच्या चौकटीला खांदा धडकवला. चौकट तिला दिसलीच नव्हती. टेबलाच्या कडेचा कप कोपर लागून फुटला. तोही दिसला नव्हता. मधलं सगळं लख्ख, आणि भोवती काळी कड.

"घे," ती म्हणाली. "कॅरॅक्टर आलं."

पहिलं काम तिने काकूंच्या लेन्सचं केलं. माझ्या चांगल्या लेन्समधली काच काढून काकूंच्या कड्यात बसवली, तपकिरी ठिपक्यासकट. पाना मधे धरला की दिसायचा, बाजूला ठेवला की हरवायचा. चाचपडून शोधायची. मी पुढे सरकवायला गेलो की म्हणायची, "राहू दे." काकू आल्या तेव्हा त्यांना सगळं खरं सांगितलं, काच कुणाची, कडं कुणाचं. काकूंनी ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीत आली आणि पेटाऱ्यासमोर बसली. जन्मात पहिल्यांदा.

"दंतवैद्याचे सगळे काढ. पहिल्यापासून."

मी काढले. शेकडो पाट्या. तेच नाव, त्याच पदव्या, तेच 'रविवारी बंद'. ती एकेक फोटो मोठा करायला लावत होती आणि नाक पडद्याला टेकवून बघत होती. पडद्यावर नाकाचा तेलकट डाग पडत गेला. टिंब. टिंब. टिंब. मग ती थांबली.

"इथून गेलं."

पुढचा. नाही. पुढचा. नाही. पुढचे तिने मोजले नाहीत. बटण दाबत राहिली. बद, बद, बद, बद. मग परत पहिल्या 'बद'पाशी आली; तिथे जाहिरातीसाठी मी काढलेला एक फोटो मघाशी घाईत सुटला होता. टिंब लख्ख. तिने खिडकीच्या गजाकडे बोट दाखवलं. "यात गज खाली आलाय. माझ्यापेक्षा उंच माणसाने काढलाय हा." पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. "दोन वर्षांपूर्वीची दुपार. म्हणजे त्याच दिवशी तुला कळलं."

"आत्या..."

"मी विचारलं तेव्हा तू आलं म्हणालास."

"हो."

"रोज विचारत होते मी."

मला भांडता आलं असतं. चौदा लेन्सचं, घराचं, तिच्या हट्टाचं काहीही पुढे करता आलं असतं. पण तोंडातून जे निघालं ते माझ्या मते त्यातल्या त्यात चांगलं होतं. "तुला धक्का बसला असता गं. मी तुला जपत होतो."

बोललो आणि बोलता बोलताच मला ते ऐकू आलं.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिच्या त्या नव्या, न फिरणाऱ्या फोकसमधे मी बरोबर मधे होतो.

"म्हणूनच," ती म्हणाली.

उठली, हाताने भिंत चाचपत मागच्या खोलीत गेली. अमोनियाच्या बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला. भांडली असती, रडली असती, वडिलांचं नाव काढून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझी इतकी किळस आली की मी मोरीवर जाऊन दोनदा तोंड धुतलं. साबणाने.

यालाही आता चार महिने झाले. ती कमी काम करते, पण करते. कार्ड स्वतः पेटाऱ्यात घालते, टिंब स्वतः बघते. माझ्याशी बोलत नाही असंही नाही. जेवायला ये म्हणते, बल्ब गेला म्हणते. मी मनाशी म्हणत होतो की निवळेल हळूहळू.

काल तिची दाढ ठणकायला लागली. समोरच्या दंतवैद्याकडे जायचं होतं. इतकी वर्षं ज्याची पाटी बघितली त्याच्याकडे आत्या पहिल्यांदाच जात होती. रस्ता तेवढा ओलांडायचा. मी तिच्याबरोबर खाली उतरलो, फुटपाथच्या कडेला तिच्या शेजारी उभा राहिलो. दोन्हीकडून येणारं तिला दिसत नाही. दिसतं ते फक्त नाकासमोरचं. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. खरोखरच रिकामा.

"कुणी नाही. चल, आत्या," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

ती हलली नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल. "रस्ता मोकळा आहे गं. चल."

तिने मान वळवून लाँड्रीकडे केली. "अहो, जरा बाहेर येता का?"

लाँड्रीवाला इस्त्री उभी करून बाहेर आला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"गाडी येतेय का हो कुठून?" आत्याने त्याला विचारलं.

त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "नाही. मोकळा आहे रस्ता, चला."

तेव्हा तिने पाऊल टाकलं.